‘मुद्दाम नाही केलं’ म्हणायची वेळ येण्याआधी

कबूल केलेलं काम उशिरा, अर्धवट किंवा चुकीचं गेलं की करारभंग झाला. तो मुद्दाम झाला की नकळत, याला दिवाणी दाव्यात सहसा फारसं महत्त्व नसतं. समोरच्याचं नुकसान किती झालं, ते बघतात. नोकरदाराची चूक बहुतेक वेळा कंपनी पोटात घालते. स्वतंत्रपणे काम घेणाऱ्याची मात्र थेट त्याच्या अंगावर येते, म्हणून तयारी सही करण्याआधीच करायची.

आधी पेन्सिल घेऊन बसा आणि करारात तुम्ही काय काय ‘करीन’ म्हटलंय त्याखाली रेघ मारा. ‘योग्य ती काळजी घेईन’ असं लिहिलं असेल, तर तुमचा हलगर्जीपणा समोरच्याला सिद्ध करावा लागतो. ‘वेबसाइट बंद पडणार नाही’ असं लिहिलं असेल, तर ती बंद पडली एवढंच पुरतं. असं वाक्य बदलून मागा, संकोच नको.

मग भरपाईचं कलम. इथे घाई करू नका. इंग्लंडमधला 1854 चा ‘हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल’ खटला आजही दाखल्यादाखल देतात. गिरणीचा मोडका क्रँकशाफ्ट (यंत्र फिरवणारा दांडा) नवा बनवण्यासाठी नमुना म्हणून पोचवायला वाहतूकदाराला उशीर झाला, तोवर गिरणी बंद राहिली. तरी बुडालेला नफा त्याच्या माथी मारता आला नाही, कारण त्या एका शाफ्टवाचून सगळी गिरणी अडली आहे हे त्याला कळवलेलं नव्हतं, असं न्यायालयाने धरलं. याची दुसरी बाजू आपल्याला जड जाते. ‘आमचा सगळा हंगाम या तारखेवर आहे’ असा मेल सहीआधी आला, तर तुम्ही तो धोका ओळखूनच काम घेतलं असं उद्या म्हणता येईल. त्यामुळे ‘एकूण भरपाई मिळालेल्या मानधनापेक्षा जास्त नसेल’ ही ओळ घालून घ्या. दर दिवसाच्या उशिराला ठरावीक दंड लिहिला असेल, तर त्यालाही वरची मर्यादा हवी.

हाताखाली कुणाला घेणार असाल तर त्याच्याशीही लेखी करार करा. मी एकदा मित्राकडून पानं सजवून घेतली. त्याने फक्त खासगी वापराची परवानगी असलेला फोटो लावला. ग्राहकाने मित्राचं नावसुद्धा विचारलं नाही, फोन मलाच आला.

व्यावसायिक जबाबदारीचा विमा असेल तर त्यातले अपवाद वाचा. करारात तुम्ही आपणहून ओढवून घेतलेली जादा जबाबदारी बऱ्याच पॉलिसी भरून देत नाहीत.

एवढं करूनही घसरलंच, तर त्याच दिवशी कळवा. काय झालं आणि नवी तारीख कोणती, एवढंच लिहा. ‘सगळी चूक माझीच’ हे वाक्य सल्ला घेतल्याशिवाय नको. लवकर कळवलं की नुकसान आटोक्यात ठेवण्याची जबाबदारी ग्राहकावरही येते. चूक सुधारायला करारात काही दिवस दिलेत का, तेही बघा. आणि सूचना कुठल्या पत्त्यावर द्यायची हे कलमात लिहिलेलं असतं, तिथेच पाठवा. नुसता व्हॉट्सअ‍ॅप मेसेज धरला जाईलच असं नाही.