विरूपित चुनखडीतील स्फटिकांवरून कर्तनाची दिशा कशी ओळखावी

स्वित्झर्लंडमधील ग्लारुस येथे पर्मियन काळातील जुने खडक त्यांच्याहून कितीतरी तरुण अशा फ्लिश (समुद्रतळाशी साचलेल्या वाळू-चिखलाच्या थरांच्या) खडकांवर येऊन बसले आहेत आणि या दोहोंच्या मध्ये साधारण मीटरभर जाडीचा, पिळवटून निघालेला चुनखडीचा पट्टा आहे. भूवैज्ञानिक अल्बर्ट हाइम यांनी येथे समोरासमोर आलेल्या दोन प्रचंड वळ्या मानल्या होत्या, तर मार्सेल बर्ट्रांड यांनी १८८४ मध्ये एकाच मोठ्या क्षेपाची, म्हणजे खडकांचा एक थर दुसऱ्यावर सरकत जाण्याची, कल्पना मांडली. वळ्या दोन असत्या, तर उत्तरेकडील भागात वरचे खडक दक्षिणेकडे सरकल्याच्या खुणा मिळायला हव्यात. म्हणून कर्तनाची (वरचा भाग खालच्यावरून सरकताना मधल्या खडकाच्या विरूपणाची) दिशा वाचणे येथे निर्णायक ठरते.

कामाची सुरुवात खडक फोडण्यापूर्वी होते. नमुना जागेवर असतानाच त्यावर उत्तर दिशा, वरची बाजू, पत्रणाचा (खडकातील पानांसारख्या समांतर पातळ्यांचा) कल आणि ताणाच्या रेषणाची (त्या पातळ्यांवर दिसणाऱ्या ताणलेल्या रेघांची) दिशा न पुसणाऱ्या शाईने नोंदवावी, कारण ही नोंद हरवली की पुढचे महागडे मोजमापही दिशेबद्दल काहीच सांगू शकत नाही. नंतर रेषणाला समांतर आणि पत्रणाला लंब असा छेद (पातळ काप) कापावा. चुनखडीतील मुख्य खनिज कॅल्साइटचे द्विअपवर्तन (एका प्रकाशकिरणाचे दोन होणे) फार तीव्र असल्याने नेहमीच्या ३० मायक्रोमीटर जाडीच्या छेदात बारीक कण एकमेकांवर येऊन धूसर दिसतात. मायलोनाइटसाठी, म्हणजे कर्तनाने कण बारीक झालेल्या अशा खडकासाठी, छेद त्याहून बराच पातळ घासावा.

सूक्ष्मदर्शीखाली आधी कणांचा आकार पाहावा. समजा, कर्तनपृष्ठ आडवे ठेवले आहे आणि वरचा भाग उजवीकडे सरकला आहे. अशा वेळी पुनःस्फटिकीभवनाने (जुन्या कणांतून नवे स्फटिक बनून) तयार झालेले लांबट कण खालच्या डाव्या बाजूकडून वरच्या उजव्या बाजूकडे, म्हणजे सरकण्याच्या दिशेने कललेले दिसतात. सी-अक्ष (स्फटिकांचे मुख्य सममिती अक्ष) मात्र उलट वागतात. कॅल्साइटमधील यमलन (स्फटिकाचा एक भाग आरशातील प्रतिबिंबासारख्या मांडणीत जाणे) अगदी कमी प्रतिबलाला, सुमारे १० मेगापास्कलला सुरू होते आणि यमलित भागाचा सी-अक्ष सुमारे ५२ अंशांनी वळून दाबाच्या दिशेजवळ जातो. उजवीकडच्या कर्तनात दाब वरच्या डाव्या बाजूने येतो. त्यामुळे यमलनप्रधान विरूपणात सी-अक्षांचा दाट पुंजका कर्तनपृष्ठाच्या लंबापासून डावीकडे, म्हणजे हालचालीच्या विरुद्ध झुकतो. कण एका बाजूला आणि अक्ष दुसऱ्या बाजूला झुकलेले पाहून नवख्याला विसंगती वाटते. वास्तविक ही दोन लक्षणे परस्परांना दुजोरा देतात.

अक्षांचे मोजमाप पूर्वी वैश्विक मंचावर कण कण फिरवून होत असे. आता इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीत पश्चप्रकीर्णित इलेक्ट्रॉनांच्या विवर्तनाने ते होते. त्यासाठी नमुना सुमारे ७० अंश तिरपा ठेवतात आणि पृष्ठभागाला शेवटची झिलई कलिली सिलिकाने देतात. ध्रुवाकृती (अक्षांच्या दिशा वर्तुळात दाखवणारी आकृती) काढताना आपण छेद कोणत्या बाजूने पाहत आहोत हे तिच्यावरच लिहावे. विरुद्ध बाजूने पाहिल्यास उजवे कर्तन डावे दिसते.

सर्वच नमुने सारखे बोलके नसतात. तापमान वाढून यमलनाऐवजी स्फटिकांतर्गत सर्पण (स्फटिकातील थर एकमेकांवरून घसरणे) प्रबळ झाले की पुंजका लंबाकडे सरकतो किंवा दुभंगतो, आणि मग केवळ त्याच्या कलावर निष्कर्ष बांधू नये. कण काही मायक्रोमीटरइतके बारीक असतील, तर ते एकमेकांवरून घसरूनही विरूपण पार पाडतात व अक्षांची मांडणी क्षीण राहते. अशा वेळी पुंजक्याचा अभाव म्हणजे हालचालीचा अभाव असे समजू नये. यमलांच्या जाडीकडेही लक्ष द्यावे. सुमारे २०० अंश सेल्सियसच्या खाली ती सरळ आणि बारीक, तर त्यावर जाडसर असतात. जाड यमलांना छेदून जाणारी बारीक यमले दिसली, तर ती नंतरच्या, थंड अवस्थेतील विरूपणाची असू शकतात. त्यांची गणती मुख्य कर्तनात करू नये.

शेवटी छेदावरील ‘उजवे’ किंवा ‘डावे’ हे उत्तर नमुन्यावरील बाणाच्या आधारे भौगोलिक दिशेत बदलावे, आणि पट्टा नंतर वळीत सापडून उलटला असेल, तर आधी तो मूळ स्थितीत फिरवून घ्यावा. ग्लारुसमध्ये ही दिशा उत्तरेकडची येते: वरचे खडक दक्षिणेकडून किमान ३५ किलोमीटर सरकत आलेले आहेत.