फुकटात स्वतःचा रिमोट डेस्कटॉप: रस्टडेस्क की मेशसेंट्रल?
बेळगावात बसून निपाणीच्या दुकानातला कॉम्प्युटर बघायचा असंल तर आधी रस्टडेस्कच घ्या, कारण अ‍ॅप मोबाईलवरपण चालतंय आणि आपण स्वतः चालवायच्या सर्व्हरचे दोनच भाग, एचबीबीएस ओळख पटवून देतंय आणि थेट जोडणी नाही झाली तर एचबीबीआर मधनं डेटा पुढं ढकलतंय. सर्व्हरवर पोर्ट (डेटा यायजायचे नंबरी दरवाजे) 21115 ते 21117 टीसीपी उघडा, आणि 21116 यूडीपीपण (टीसीपी, यूडीपी म्हणजे डेटा पाठवायच्या दोन पद्धती), हे यूडीपीचंच लोक विसरतात आणि मग मशीन ऑनलाईनच दिसत नाही, माझे दोन दिवस गेलेत त्यात. सर्व्हरची पब्लिक की (ओळख पटवायची किल्ली) प्रत्येक मशीनवर टाकायची.

पंधरावीस मशिनी सांभाळायच्या असतील, सोसायटी किंवा शाळेच्या लॅबच्या, तर मेशसेंट्रल बरं, सगळं ब्राउझरमधनं, फाईल आणि टर्मिनलसकट (कमांड टाईप करायची खिडकी). ग्वाकामोले हे तिसरं सॉफ्टवेअरपण ब्राउझरातच चालतंय पण ते आरडीपी, व्हीएनसीवर (दुसऱ्या मशीनची स्क्रीन दाखवायच्या पद्धती) अवलंबून, आणि विंडोज होममध्ये आरडीपी सर्व्हर नसतोय, म्हणून छोट्या दुकानांना मी ते सांगत नाही.

एक बघून घ्या, खानापूरकडं मोबाईल नेटवरच काम असंल तर सहसा पब्लिक आयपी (बाहेरनं थेट गाठता येणारा इंटरनेटवरचा पत्ता) मिळत नाही, मग घरातला सर्व्हर बाहेरनं दिसणार नाही, त्यापेक्षा छोटा व्हीपीएस (इंटरनेटवरचा भाड्याचा सर्व्हर) घ्या. पासवर्ड मात्र मोठाच ठेवा हं.