जुन्या मेलबॉक्समधलं ‘बिगिन ६४४’ कसं उघडावं

सांगलीत २००५ ला पूर आला, पुन्हा २०१९ ला आला, आणि दोन्ही वेळा ज्यांनी कपाटं वेळेवर माळ्यावर चढवली त्यांच्याकडे जुन्या सीडी अजून शाबूत आहेत. समजा, मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या पेढीची अशी सीडी तुमच्या हातात आली. तिच्यात पंचवीसेक वर्षांपूर्वीचा मेलबॉक्स आहे. पत्रं नीट वाचता येतात, पण मधेच पानंच्या पानं अगम्य चिन्हं लागतात. ती पुसू नका. मालाच्या नमुन्याचा फोटो किंवा दरपत्रक त्या चिन्हांतच आहे.

हा प्रकार यूयूएन्कोड. मेरी अ‍ॅन हॉर्टन यांनी तो १९८० मध्ये अमेरिकेत बर्कलेच्या विद्यापीठात तयार केला. त्या काळची ईमेल फक्त साधी अक्षरं वाहून नेत असे, म्हणून फाइललाच अक्षरांचं रूप द्यावं लागे. १९९२ मध्ये मेलला फाइल जोडायची ‘माइम’ ही नवी पद्धत आली आणि तिच्यातलं बेस-६४ हे अक्षररूप रूढ होत गेलं, तरी यूयूएन्कोड पुढे बरीच वर्षं वापरात राहिलं.

ओळखायची खूण सोपी आहे. सुरुवातीला इंग्रजीत ‘बिगिन’, मग बहुधा ६४४ हा आकडा, मग फाइलचं नाव. खाली जवळजवळ प्रत्येक ओळ मोठ्या ‘एम’ने सुरू होते आणि शेवटी एका ओळीवर ‘एंड’ असतं. ‘बिगिन’ नसेल, ओळी ७६ अक्षरांच्या असतील आणि शेवटी बरोबरचं चिन्ह असेल, तर ते बेस-६४ असण्याचीच शक्यता जास्त. त्याला हा लेख लागू नाही.

आत काय चालतं

तीन बाइट म्हणजे २४ बिट. त्यांचे सहा-सहा बिटांचे चार तुकडे करायचे, प्रत्येकात ३२ मिळवायचे, आणि येईल त्या क्रमांकाचं आस्की चिन्ह लिहायचं (आस्की म्हणजे इंग्रजी अक्षरं-चिन्हांना क्रमांक देणारी यादी). ६७, ९७, ११६ हे बाइट घेतले तर तुकडे १६, ५४, ५, ५२ येतात. ३२ मिळवून ४८, ८६, ३७, ८४, म्हणजे शून्य, ‘व्ही’, % आणि ‘टी’. ओळीचं पहिलं अक्षर मात्र मालाचा भाग नाही. हळदीच्या पोत्यावर वजन लिहितात तसं ते त्या ओळीत किती बाइट आहेत ते सांगतं. ‘एम’चा क्रमांक ७७, त्यातून ३२ गेले की ४५. पूर्ण ओळीत ४५ बाइट, म्हणजे ६० चिन्हं अधिक हे एक, एकूण ६१.

एवढं कळलं की फाइल न उघडताही तिचा प्रकार ओळखता येतो. पहिल्या ओळीत ‘एम’नंतर अंडरस्कोर, बंद चौकोनी कंस, ‘सी’ आणि अंडरस्कोर असेल तर तो जेपेग फोटो. आकडा चार, डॉलर, ‘एल’ आणि # असेल तर झिप.

स्क्रिप्ट

फाइल एक-दोनच असतील तर स्क्रिप्टच्या, म्हणजे छोटा प्रोग्राम लिहिण्याच्या, भानगडीत पडू नका. मॅकवर ‘यूयूडीकोड’ ही आज्ञा असतेच, लिनक्सवर ‘शारयुटिल्स’ पॅकेज टाकलं की मिळते. शेकड्यांनी असतील तर पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा घ्या. जुन्या लेखांत ‘यूयू’ मोड्यूल वापरायला सांगतात, पण ते पायथॉन ३.१३ मध्ये काढून टाकलं आहे. ‘बायनॅस्की’ मोड्यूल अजून आहे आणि आपल्याला त्यातलं एकच फंक्शन लागतं: ए, आकडा दोन, बी, अंडरस्कोर, यू, यू.

मेलबॉक्सची प्रत काढा आणि ती मजकूर म्हणून नव्हे, बाइट म्हणून उघडा, नाहीतर पायथॉन अक्षरसंचावरून कुरकुरत बसेल. एकेक ओळ वाचत जा. ‘बिगिन’, मोकळी जागा, तीन आकडे, मोकळी जागा आणि नाव असा साचा जुळला की नवी फाइल सुरू करा. नुसत्या ‘बिगिन’ शब्दावर विसंबू नका, तो इंग्रजी पत्रातही येतो. पुढची प्रत्येक ओळ त्या फंक्शनला द्या, मिळालेले बाइट फाइलला जोडत जा, ‘एंड’ आलं की थांबा.

‘बिगिन’च्या ओळीतलं नाव जसंच्या तसं वापरू नका. त्यात फोल्डरचा पूर्ण मार्ग लिहिलेला असू शकतो, आणि भोळी स्क्रिप्ट तुमची दुसरीच फाइल पुसून तिथे लिहील. नावाचा शेवटचा भाग घ्या, त्याआधी अनुक्रमांक लावा, आणि सगळं एका रिकाम्या फोल्डरमध्ये ठेवा. अनुक्रमांक हवाच, कारण एकाच नावाचे फोटो दहा पत्रांत सापडतात.

खरी मेहनत इथे आहे

मेलने वाटेत केलेली मोडतोड निस्तरण्यातच बहुतेक वेळ जातो. काही जुने प्रोग्राम ओळीच्या शेवटी एक जादा चिन्ह टाकत, मग फंक्शन चूक दाखवून थांबतं. अशा वेळी पहिल्या अक्षराचं वजन घ्या, त्याला ४ ने गुणा, ५ मिळवा, ३ ने भागून बाकी सोडा, आणि ओळीची तेवढीच चिन्हं फंक्शनला द्या. ‘एम’साठी ४५ चे १८०, १८५, आणि ६१. हिशेब जुळतो. उलट, शेवटच्या मोकळ्या जागा मेलने खाल्ल्या असतील तर काळजी नको, फंक्शन त्या स्वतःच भरून घेतं.

फॉरवर्ड केलेल्या पत्रांत प्रत्येक ओळीआधी > येतं. सगळीकडून ते सरसकट पुसायचा मोह होतो, पण > हे यूयूएन्कोडमधलं खरं चिन्हही आहे. ओळीच्या सुरुवातीला असेल तर त्याचा अर्थ ३० बाइट. म्हणून ‘बिगिन’च्या डावीकडे काय आहे ते पाहा. तिथे > आणि एक मोकळी जागा असेल तर खालच्या प्रत्येक ओळीतून तेवढंच काढा. तिथे काही नसेल तर कशालाही हात लावू नका.

मोठी फाइल कधी तीन-चार पत्रांत तोडून पाठवलेली असते. ‘बिगिन’ फक्त पहिल्या पत्रात असतं, ‘एंड’ शेवटच्या. विषयाच्या ओळीतला भाग क्रमांक पाहून पत्रं लावा, मधले पत्ते-तारखा काढा, मग जोडा. हे मी हातानेच करतो. स्क्रिप्टला शिकवता येईल, पण दर पत्राची तऱ्हा वेगळी असते.

फोटो उघडून तळापर्यंत पाहा. खालचा भाग करडा दिसला तर बहुधा एखादी ओळ किंवा अख्खा भाग राहिला आहे. एक्झी, म्हणजे प्रोग्रामची, फाइल निघाली तर ती चालवू नका, त्या काळचे बरेच व्हायरस मेलमधून फिरत. आणि मराठी दरपत्रक उघडल्यावर पुन्हा विचित्र अक्षरं दिसली तर स्क्रिप्ट बिघडलेली नाही. ते श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटात टाइप केलेलं असेल. ते युनिकोडमध्ये आणायला वेगळा कन्व्हर्टर लागतो.