वर्डमध्ये जुना आणि नवा करार एकाच वेळी कसे उघडावे

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात टायपिंगचं काम करणाऱ्याचं एका फाइलीवर भागत नाही. शेत भाडेपट्ट्याने घेणारे भाऊ समोर बसलेले असतात. गेल्या सालचा करार, नवा करार आणि सातबाऱ्यावरून उतरवलेले गट नंबर, तिन्ही एकदम लागतात. मी एकदा घाईत जुन्याच करारात नवा गट नंबर टाकून सेव्ह केलं. जुना मजकूर गेला तो गेलाच. तेव्हापासून क्रम बांधून घेतला आहे.

आधी जुना करार उघडा आणि एक अक्षरही टाइप न करता एफ१२ दाबा. सेव्ह अॅजची खिडकी येईल, तिथे नवं नाव द्या. नावात साल असू द्या: ‘भाडेपट्टा-२०२५’. आता समोर आहे ती नवी फाइल. जुनी बंद झालेली असते, हे बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही.

मग कंट्रोल+एफ१२ दाबा. कंट्रोल धरून ठेवून जुना करार आणि गट नंबरांची यादी, दोन्हींवर एकेक क्लिक करा आणि ओपन म्हणा. त्यासाठी दोन्ही एकाच फोल्डरमध्ये हव्यात. मी दर गिऱ्हाइकाचं फोल्डर वेगळं ठेवतो.

एकीतून दुसरीत जायला कंट्रोल+एफ६. काही लॅपटॉपवर सोबत एफएन दाबावं लागतं. ऑल्ट+टॅबनेही जाता येतं, पण त्यात ब्राउझर, फोटो, सगळंच मध्ये येतं. लिब्रेऑफिस वापरत असाल तर विंडो मेनूत उघड्या फाइलींची नावं दिसतात.

मजकूर ताडून पाहायचा असेल तर व्ह्यू टॅबमध्ये व्ह्यू साइड बाय साइड आहे. तीन फाइली उघड्या असल्या तर कोणती शेजारी हवी ते वर्ड विचारतं. दोन्ही करार शेजारी लागतात आणि एक सरकवला की दुसराही सरकतो. चतुःसीमेचा परिच्छेद नव्यात लांबला आणि ओळी जुळेनाशा झाल्या, तर सिंक्रोनस स्क्रोलिंग बंद करा. टाइप करण्याआधी खिडकीच्या माथ्यावरचं नाव वाचायचंच, मागे कितीही गर्दी असो.

काम झालं की नव्या फाइलीत कंट्रोल+एस. मग कंट्रोल+डब्ल्यूने एकेक फाइल बंद करा. जुना करार बंद करताना सेव्ह करायचं का असं विचारलं, तर त्यात चुकून काहीतरी उमटलं असण्याची शक्यता आहे. तिथे डोन्ट सेव्हच दाबा.