छोट्या टाइम ट्रायलआधी पाणी पिताना या चुका टाळा

मे महिन्यातली पहाट. टाइम ट्रायल (टीटी), म्हणजे एकेकाला सोडून घड्याळाशी लावलेली सायकल शर्यत, होती. नवी मुंबईतल्या पाम बीच रोडच्या कडेला सायकल धरून मी रांगेत उभा होतो. माझा नंबर यायला अजून २० मिनिटं होती. आदल्या रात्री एका मित्राने ‘उकाडा आहे, पाणी भरपूर पी’ असं बजावलं होतं, म्हणून उभ्या उभ्या ७५० मिलीची बाटली रिकामी केली. पहिल्या चार किलोमीटरांतच पोटात पाणी डुचमळायला लागलं. एअरोबारवर (वारा कमी लागावा म्हणून पुढे वाकून धरायच्या दांड्यांवर) वाकलो की ते घशाशी यायचं आणि सरळ बसलो की वेग पडायचा. त्या २० किलोमीटरांत तहानेने माझं काही बिघडलं नव्हतं. जे बिघडलं ते पाण्यानेच.

तेव्हापासून मी एक गोष्ट मनाशी पक्की केली आहे. छोट्या टीटीत पाणी पिणं आणि अंग गार ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत. आपण दोन्ही एकाच बाटलीवर सोपवतो आणि तिथेच फसतो.

थोडा हिशेब करू. हौशी सायकलस्वाराला २० किलोमीटरला ३० ते ३५ मिनिटं लागतात. उन्हाळ्यात जोर लावला तर अनेकांना तासाला एक ते दीड लिटर घाम येतो, म्हणजे शर्यतीत अर्धा ते पाऊण लिटर. ७० किलोच्या माणसासाठी हे वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास झालं. कामगिरी ढासळण्याची नेहमीची खूण म्हणजे साधारण दोन टक्के घट. त्यामुळे एवढ्या वेळात शर्यत तुम्हाला कोरडं करत नाही. तुम्ही कोरडेच येऊन उभे राहिलात, तर मात्र ती दया दाखवत नाही. शिवाय पूर्ण जोरात पेडल मारताना पोट रिकामं होण्याचा वेग मंदावतो. दहाव्या किलोमीटरला गिळलेला घोट शेवटची रेषा येईपर्यंत कामाला लागेलच असं नाही.

मुतारी नाही म्हणून पाणीच नाही

ही खास आपल्याकडची चूक, आणि तिच्यावर कोणी हसू नये. स्टार्टजवळ स्वच्छतागृह नसतं, असलं तर आत पाऊल टाकवत नाही. बायकांची तर फारच अडचण. मग पहाटे चारला उठून घर सोडायचं आणि साडेसहापर्यंत ओठ ओले करायचे नाहीत. रात्रभराचा घाम (पंख्याखाली झोपणाऱ्यांनी आपली उशी आठवावी) त्यात मिळवा, म्हणजे किती तुटीने सुरुवात होते ते कळेल.

पुस्तकी नियम सांगतो की शर्यतीच्या चार तास आधी वजनाच्या दर किलोमागे ५ ते ७ मिली प्यावं. साडेसहाच्या स्टार्टसाठी त्याचा अर्थ रात्री अडीचला उठणं, म्हणजे तो नियम इथे बाद. मी कामाची विभागणी करतो. आदल्या संध्याकाळपासून थोडं थोडं पाणी, रात्रीच्या वरणभातात नेहमीचं मीठ आणि सोबत लोणचं. मिठामुळे प्यायलेलं पाणी अंगात टिकतं. उठल्या उठल्या, म्हणजे स्टार्टच्या दोन-अडीच तास आधी, ३०० ते ४०० मिली. जादाचं पाणी घर सोडेपर्यंत बरंचसं निघून जातं. पुढे फक्त घोट, आणि शेवटच्या १५ मिनिटांत फार तर १५० मिली.

लघवीचा रंग फिकट लिंबू सरबतासारखा असेल तर ठीक. बी व्हिटॅमिनची गोळी घेतली असेल तर ती रंग पिवळाधमक करते. त्या दिवशी रंगावरून काही ठरवू नका.

ट्रेनरवरचा वॉर्मअप

ट्रेनर म्हणजे सायकल जागीच अडकवून पेडल मारायचा स्टँड. सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि नेमकं इकडेच कोणाचं लक्ष नसतं.

पेडलवर २०० वॉट जात असतील तर शरीर त्याच्या तिप्पट-चौपट उष्णता तयार करत असतं, कारण आपल्या इंधनातला जेमतेम पाव हिस्सा चाकापर्यंत पोचतो. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण वाळला तर! मुंबईत मे महिन्याच्या पहाटे हवा इतकी दमट असते की घाम कोपरावरून टपटप जमिनीवर पडतो. टपकलेल्या थेंबाने तुमचं पाणी नेलं, उष्णता नेली नाही. रस्त्यावर ३५ च्या वेगाने जाताना निदान वारा तरी लागतो. उभ्या ट्रेनरवर तोही नाही. डोक्यावर बिनछिद्रांचं एअरो हेल्मेट चढवून अर्धा तास असं बसणं म्हणजे स्टार्टआधीच भट्टीत शिरणं.

म्हणून वॉर्मअप १० ते १२ मिनिटांचा, सावलीत, आणि जमलं तर ट्रेनरऐवजी रस्त्यावर. ट्रेनरच वापरायचा असेल तर बॅटरीवरचा छोटा पंखा सोबत ठेवा. मानेवर बर्फाच्या पाण्यात भिजवलेला नॅपकिन, आणि हेल्मेट शेवटच्या दोन मिनिटांत.

थर्मासमध्ये बर्फाचा चुरा आणि पातळ कोकम सरबत घेऊन जा. बर्फ वितळताना आतून उष्णता शोषतो, किलोमागे सुमारे ८० किलोकॅलरी. नुसत्या थंड पाण्याला हे जमत नाही. स्टार्टआधीच्या अर्ध्या तासात २०० ते ३०० मिली चमच्याने सावकाश खा आणि वर सांगितलेले शेवटचे १५० मिली यातच धरा. आधी दोनदा सरावात करून पाहा, कारण सगळ्यांच्या पोटाला बर्फ मानवत नाही. गाडीवरच्या गोळ्याचा मोह शर्यतीनंतर. त्या बर्फाचं पाणी कुठलं, हा प्रश्न स्टार्टलाइनवर पडू नये.

बाकीचं थोडक्यात

अर्ध्या तासाच्या आतल्या शर्यतीत बाटली नेली नाही तरी चालतं. वजनाचं सोडा, एअरो बैठक मोडण्याचे सेकंद महाग पडतात. १९८९ च्या टूर द फ्रान्सचा निकाल शेवटच्या दिवशी २४.५ किलोमीटरच्या टीटीत लागला, आणि अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँड तीन आठवड्यांची ती शर्यत ८ सेकंदांनी जिंकला. तोंडाला कोरड पडत असेल तर स्टार्टआधी चूळ भरा. ४० किलोमीटरला मात्र एअरोबारमधली नळीची बाटली हवी आणि दर दहा मिनिटांनी घोट.

शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं, सोडियम कमी. ते नंतरसाठी छान. उसाचा रस आधी नको. ओआरएसची पुडी सांगितलेल्या पाण्यातच घाला, घट्ट केली तर पोट बिघडतं. २० किलोमीटरला मिठाच्या गोळ्या कशाला, मला अजून कळलेलं नाही. एवढ्या अंतरात पेटके आले तर मीठ शोधण्याआधी पहिले तीन किलोमीटर किती जोरात मारले ते आठवा.

एसीतल्या ट्रेनरवर सगळा एप्रिल काढून मेमध्ये रस्त्यावर उतरू नका. उकाड्याची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात.

भर उकाड्यात अंगावर काटा आला, थंडी वाजल्यासारखं झालं, गरगरलं किंवा बोलणं असंबद्ध व्हायला लागलं, तर तिथेच थांबा. भरपूर पाणी प्यायलेल्या माणसालाही उष्माघात होतो, घाम चालू असतानाही होतो. अशा वेळी सावली, अंगावर भरपूर गार पाणी, काखेत आणि मानेवर बर्फ, आणि १०८ ला फोन. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही.

शर्यतीनंतर किती प्यायचं याचं उत्तर घरच्या वजनकाट्यावर आहे. आधी आणि नंतर, अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. एक किलो घटलं तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर, जेवणासोबत. माझी घट जानेवारीत तासाला ८०० ग्रॅम भरते आणि मेमध्ये दीड किलोच्या पुढे जाते. दोन्ही आकडे मी थर्मासच्या झाकणावर मार्करने लिहून ठेवले आहेत.