निवृत्तीनंतर पक्षीनिरीक्षण: नाशिककरांनी सुरुवात कशी करावी

पक्षी पाहण्याच्या छंदात निवृत्त माणूस एका बाबतीत सगळ्यांच्या पुढे असतो. मंगळवारी सकाळी पाण्याकाठी दीड तास बसून राहायला त्याला कुणाची रजा मागावी लागत नाही. या छंदाला तेवढंच भांडवल लागतं. नवखे लोक मात्र पहिल्याच महिन्यात पाच ठिकाणं पालथी घालतात, ढीगभर फोटो काढतात आणि मार्चपर्यंत कंटाळतात. त्यापेक्षा जागा एकच धरा आणि तिथे पुन्हा पुन्हा जा. ओळखीच्या जागेत नवा पक्षी लगेच डोळ्यांत भरतो, अनोळखी जागेत सगळेच पक्षी सारखे दिसतात.

पहिला महिना घराच्या गॅलरीत

दुर्बीण घेण्याची घाई नको. सकाळी सूर्य उगवल्यापासून तासभर गॅलरीत किंवा गच्चीवर खुर्ची टाकून बसा. नाशिकच्या कुठल्याही जुन्या कॉलनीत साळुंकी, बुलबुल, दयाळ, शिंजीर, तांबट, होला, पारवा, पोपट, वेडा राघू आणि घार एवढे तरी दिसतातच. हे दहा पक्के करा. पक्के म्हणजे आकार, चाल आणि आवाज या तिन्हींवरून ओळखता आले पाहिजेत. पुढे कुठलाही नवा पक्षी दिसला की तो याच दहांच्या मापाने मोजायचा असतो: शिंजिराएवढा, साळुंकीएवढा, पारव्याएवढा की घारीएवढा?

नवीन पक्षी दिसला की नाव शोधण्याआधी चार गोष्टी मनात बोला. आकार केवढा, चोच कशी, पाय किती लांब, आणि तो करतोय काय. रंगाचा नंबर शेवटी. सकाळच्या तिरप्या उन्हात राखाडी पक्षी तपकिरी दिसतो आणि उलट उजेडात सगळेच काळे दिसतात. वंचकाचं उदाहरण घ्या. गोदाकाठच्या दगडावर बसलेला असताना तो मातकट, मान आखडलेला, दिसेल न दिसेल असा असतो. उडाला की पांढरेशुभ्र पंख उघडतात आणि पाहणाऱ्याला वाटतं हा दुसराच कुणी बगळा. रंगावर विसंबलेला माणूस इथे दरवेळी फसतो.

दुर्बीण निवडताना

दुर्बिणीवर दोन आकडे असतात. ८×४२ यातला ८ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. साठीनंतर ८×४२ किंवा ८×३२ यांतलीच घ्यावी. दहापट दुर्बिणीत पक्षी मोठा दिसतो खरा, पण हाताची थरथरही दहापट होते आणि दिसणारा परिसर आकसतो, त्यामुळे पक्षी सापडतच नाही. ८×४२ चं वजन साधारण ६५० ते ८०० ग्रॅम भरतं, ८×३२ त्याहून बरीच हलकी. मानेचा त्रास असेल तर ८×३२ बरी. वयाबरोबर डोळ्याची बाहुली तरुणपणाइतकी मोठी होत नाही, त्यामुळे दिवसाच्या उजेडात मोठ्या भिंगाचा फायदा तसाही कमीच मिळतो. "१० ते ३० पट झूम" असं लिहिलेल्या स्वस्त दुर्बिणी मात्र टाळा, झूम वाढवलं की चित्र अंधारतं आणि धूसर होतं.

चष्मा असेल तर दुकानात एकच गोष्ट आवर्जून विचारा: आय रिलीफ (भिंगापासून डोळा किती लांब असला तरी पूर्ण चित्र दिसतं ते अंतर) किती? १६ मिलिमीटर किंवा जास्त हवा. तो कमी असला की चष्म्यातून नळीच्या टोकाला छोटं गोल भोक दिसावं तसं दिसतं.

गळ्यातला पट्टा पहिल्याच दिवशी काढून टाका आणि दोन्ही खांद्यांवरून येणारा हार्नेस लावा. वजन मानेवरून खांद्यांवर जातं. स्पाँडिलायटिस असलेल्यांना हा खर्च सगळ्यात आधी करावासा वाटेल.

दुर्बीण डोळ्यांना बसवणे

हे काम एकदाच करायचं, पण नीट. बहुतेकांची दुर्बीण वर्षानुवर्षं चुकीची लावलेली असते आणि "डोकं दुखतं" म्हणून ती कपाटात जाते.

१. चष्म्यासकट पाहणार असाल तर डोळ्याजवळचे आयकप पूर्ण आत दाबा, चष्म्याविना पाहणार असाल तर बाहेर काढा. फक्त प्लस किंवा मायनस नंबर असेल तर चष्मा काढूनही चालतं, फोकसचं चाक तो फरक भरून काढतं. सिलिंड्रिकल नंबर जास्त असेल तर चष्मा ठेवाच.

२. मधल्या बिजागरीवर दोन्ही नळ्या जवळ किंवा लांब करा. दोन गोल जाऊन एकच गोल दिसायला हवा.

३. साधारण शंभर फुटांवरची एखादी अक्षरांची पाटी पकडा. उजवं भिंग तळहाताने झाका आणि मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याला पाटी स्वच्छ करा.

४. आता डावं भिंग झाका. मधल्या चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याजवळची डायऑप्टरची कडी फिरवून तीच पाटी उजव्या डोळ्याला स्वच्छ करा. काही दुर्बिणींत ही कडी डावीकडे किंवा मधल्या चाकावर असते, तेव्हा डोळ्यांचा क्रम त्याप्रमाणे बदला.

५. कडीची जागा लक्षात ठेवा, नेलपॉलिशचा ठिपका द्या. यापुढे फक्त मधलं चाक फिरवायचं.

प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर आणखी एक अडचण येते. त्याच्या खालच्या भागात वाचनाचा नंबर असतो आणि दुर्बीण थोडी खाली धरली गेली की त्याच भागातून पाहिलं जातं. चाक कितीही फिरवा, चित्र स्वच्छ होत नाही. हनुवटी किंचित खाली घ्या म्हणजे नजर वरच्या भागातून जाईल. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर मात्र डॉक्टर हो म्हणेपर्यंत नदीकाठची धूळ आणि वारा नको.

पक्षी दुर्बिणीत पकडण्याची खरी युक्ती साधी आहे: नजर पक्ष्यावरून हलवू नका, दुर्बीण नजरेच्या आड आणा. आधी खाली दुर्बिणीकडे बघितलंत की पक्षी गेलाच. कोपर छातीला टेकवा. हातात काठी असेल तर उत्तमच, काठीच्या मुठीवर दुर्बिणीचा तळ टेकवला की चित्र एकदम स्थिर होतं. गॅलरीतून समोरच्या टाकीवर बसलेल्या पारव्यावर रोज दहा वेळा सराव केलात तर आठवड्यात हात बसतो.

कायमची जागा ठरवणे

घरापासून वीस मिनिटांत पोहोचता येईल अशी जागा धरा. गंगापूर रोडकडे राहणाऱ्यांना सोमेश्वरचा गोदाकाठ किंवा गंगापूर धरणाचं बॅकवॉटर, पाथर्डी-अंबडकडच्यांना पांडवलेणीच्या पायथ्याची झाडी, पंचवटीकडच्यांना तपोवन. आठवड्यातून दोनदा, एकाच वेळी, एकाच दगडावर बसा. बसल्यावर पहिली पंधरा मिनिटं काहीच दिसत नाही, कारण तुमच्या येण्याने सगळे दडलेले असतात. उठून पुढे जायचा मोह याच वेळी होतो. बसून राहा. विसाव्या मिनिटाला खंड्या आपल्या फांदीवर परततो, टिटवीची ओरड थांबते, धोबी पायाशी येऊन शेपटी हलवायला लागतो.

नांदूर मध्यमेश्वरची सहल

दोन महिने असे गेले की मग निफाड तालुक्यात जायचं. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर ब्रिटिश काळात बंधारा झाला, गाळ साचत गेला आणि उथळ पाणी, बेटं, पाणवनस्पती असा प्रदेश तयार झाला. १९८६ साली अभयारण्य जाहीर झालं आणि २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून त्याची घोषणा झाली. नाशिकहून अंतर साधारण ४० किलोमीटर. चापडगाव आणि खानगाव थडी या बाजूंनी आत जाता येतं. प्रवेशशुल्क वन विभागाचं असतं, सोबत गावातले गाईड मिळतात. पहिल्या फेरीला गाईड जरूर घ्या. कुठला पक्षी आज कुठल्या बेटावर बसतोय हे त्यांना रोजच्या रोज ठाऊक असतं.

महिना निवडताना एक बारकावा आहे. परदेशातून येणारी बदकं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पोहोचतात तेव्हा नर अजून मादीसारखेच मळकट तपकिरी असतात, त्यांची रंगीत पिसं नंतर भरतात. नवख्याला नोव्हेंबरमध्ये सगळी बदकं एकच वाटतात आणि हिरमोड होतो. डिसेंबर मध्य ते फेब्रुवारी मध्य हा काळ शिकायला सगळ्यात सोपा. शनिवार-रविवारची गर्दी टाळायची सोय तर तुमच्या हातातच आहे.

कालव्याचं आवर्तन, म्हणजे शेतीसाठीचं पाणी, सुटलंय का हेही गाईडला आदल्या दिवशी फोनवर विचारा. पाणी उतरलं की चिखल उघडा पडतो आणि शेकाट्या, शराटी, चमचा असे चिखलात चालणारे लांब पायांचे पक्षी काठाशी येतात. पाणी भरलेलं असेल तर बदकं दूर मध्यावर जातात आणि दुर्बिणीतही ठिपक्यांएवढीच राहतात.

सूर्य पाठीशी ठेवून बसा. डिसेंबरात सूर्योदय सातच्या सुमारास होतो, म्हणजे नाशिकहून सहाला निघावं. पाण्यावरचं धुकं साडेसात-आठपर्यंत राहतं, तोवर आवाज ऐका.

मग एकाच थव्यावर अर्धा तास द्या. सुरुवात वारकऱ्यापासून करावी. काळाभोर पक्षी, कपाळावर पांढरा टिळा, म्हणूनच हे नाव. उडायचं झालं की हा सरळ वर उठत नाही, पाण्यावर पाय आपटत लांबपर्यंत धावत जातो आणि मग कसाबसा हवेत चढतो. जवळून दिसला तर पायाच्या बोटांवर पानासारख्या झालरी दिसतील. हा ओळखला की त्याच्याशेजारचे वेगळे करणं सोपं जातं. थापट्या बदकाची चोच पुढे पळीसारखी रुंद असते आणि ती पाण्यात बुडवून तो गोल गोल फिरत राहतो. तलवार बदकाची शेपटी टोकदार, खाताना डोकं खाली आणि शेपटी आकाशात. हळदी-कुंकू बदकाच्या काळ्या चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी लाल ठिपका, हा मात्र बाराही महिने इथलाच. लव्हाळ्यात जांभळी पाणकोंबडी पायाच्या बोटांत देठ धरून सोलताना दिसते. एका सकाळी एवढे पाच नीट पाहिलेत तर सहल सार्थकी लागली. रोहित (फ्लेमिंगो), क्रौंच दिसले तर आनंदच आहे, पण त्यांच्यासाठी बंधाऱ्याभोवती गाडी पळवत बसू नका.

थवा मोजायचाही सराव करा. दहा पक्षी एक एक मोजा, तेवढी जागा डोळ्यांनी आखून घ्या आणि पूर्ण थव्यात अशा किती जागा बसतात ते बघा.

सोबत काय, आणि काय सांभाळायचं

निफाडची थंडी नाशिकपेक्षा बोचरी. एक जाड कोट घालण्यापेक्षा तीन पातळ कपडे, कानटोपी आणि मफलर बरा, नऊनंतर एक एक काढता येतं. रंग मातकट किंवा शेवाळी. पांढरा शर्ट आणि लाल स्वेटर लांबूनच पक्ष्यांना उठवतात. घडीची खुर्ची, पाण्याची बाटली, दोन गुळपोळ्या किंवा राजगिऱ्याची वडी घ्या. मधुमेह असणाऱ्यांनी "आल्यावर मिसळ खाऊ" म्हणून उपाशी मुळीच निघू नये, थंडीत दोन तास चालून साखर उतरते. गोळ्यांची वेळ आदल्या रात्रीच ठरवा. पक्षीनिरीक्षण मनोऱ्याचे जिने चढताना गुडघे साथ देत नसतील तर खालूनही पुष्कळ दिसतं. काठाची काळी माती ओली असली की बुटाला किलोभर चिकटते आणि पाय सटकतो, काठी हवीच.

उसाच्या शेतांना लागून असलेल्या वाटेवर उजाडण्याआधी किंवा तिन्हीसांजेला पायी जाऊ नका. या पट्ट्यात बिबट्या उसातच राहतो. द्राक्षबागेत शेतकऱ्याला विचारल्याशिवाय शिरू नये, फवारणी चालू असते. आणि मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावू नका. हद्दीत दुसरा नर आला असं वाटून तो खाणं, पिलं सोडून भांडायला धावतो.

वयाबरोबर बारीक, उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सुचवणारं मर्लिन हे मोफत ॲप अशा वेळी कानाला मदत करतं. त्यातला भारतातल्या पक्ष्यांचा संच घरीच वायफायवर उतरवून ठेवा. त्याने सांगितलेलं नाव म्हणजे इशारा समजा, पक्षी डोळ्यांनी दिसल्याशिवाय वहीत लिहू नका.

वही मात्र पहिल्या दिवसापासून हवी. "१२ डिसेंबर, ७.२० ते ८.४५, वारा नाही, पाणी उतरलेलं, वारकरी अंदाजे ३००, थापट्या ४०, एक अनोळखी, पारव्याएवढा, लांब लाल पाय" एवढं पुरे. तो अनोळखी शेकाट्या होता हे पुढच्या आठवड्यात कळतं आणि मग आयुष्यभर विसरत नाही.

पावसाळ्यात

पावसाआधी दुर्बीण हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा, नाहीतर भिंगाच्या आत बुरशीची जाळी धरते आणि ती घरी निघत नाही. धूळ आधी रबरी पंपाने उडवावी, मग मऊ कापड. रुमालाने घासलं की धुळीचे कण भिंगाला कायमचे ओरखडे पाडतात.

जूनच्या सरींनंतर गावाबाहेरच्या विहिरीवर वाकलेली बाभूळ शोधा आणि पंचवीस-तीस फुटांवर खुर्ची टाका. सुगरणीचा पिवळ्या डोक्याचा नर पात्याच्या धाग्यांनी घरटं अर्धं विणतो, टोपीसारखं झालं की थांबतो आणि लटकून पंख फडफडवतो. मादी येते, आत शिरते, धागे ओढून बघते. पसंत पडलं तर तो खालची नळी विणून घरटं पुरं करतो. पसंत नाही पडलं तर ते तसंच सोडून शेजारच्या फांदीवर नवं सुरू करतो.