अमेरिकी तेलनिर्यातीचा वाद कागद-पेन्सिलीने कसा तपासावा

अमेरिकेने कच्चे तेल बाहेर विकावे की नाही, यावर दोन्ही बाजू छातीठोकपणे बोलतात. कोणाचे कितपत खरे, हे चार भावांवरून पडताळता येते: अमेरिकी कच्चे तेल (डब्ल्यूटीआय), ब्रेंट (उत्तर समुद्रातले, जागतिक भावाचा मापदंड मानले जाणारे कच्चे तेल), पेट्रोल आणि डिझेल. चारही भाव एकाच दिवसाचे आणि एकाच महिन्याच्या सौद्यांचे घ्या.

आधी रिफायनरीचा ढोबळ नफा काढा. रूढ हिशेब 3-2-1 चा आहे: तीन पिंपे कच्च्या तेलातून दोन पिंपे पेट्रोल, एक पिंप डिझेल. कच्च्या तेलाचा भाव पिंपावर, बाकीचा गॅलनवर. एका पिंपात 42 गॅलन, म्हणून 42 ने गुणायला विसरू नका. समजा, कच्चे तेल 80 डॉलर, पेट्रोल 2.50, डिझेल 2.80. पेट्रोलचे 210 आणि डिझेलचे 117.60 मिळून 327.60. त्यातून 240 वजा करून तिनाने भागा: पिंपामागे 29.20 डॉलर. इंधन, हायड्रोजन, उत्प्रेरक, पगार हे सगळे अजून यातूनच भागवायचे असते.

आता तेच गणित ब्रेंट 86 धरून करा. उरतात 23.20. मधले सहा डॉलर कोणाचे? वादाची खरी गाठ इथे आहे. 1975 ते डिसेंबर 2015 या काळात काही अपवाद सोडता कच्च्या तेलावर निर्यातबंदी होती, पण पेट्रोल-डिझेलवर नव्हती. ते जागतिक भावाने विकले जाई. त्यामुळे स्वस्त तेलाचा फायदा मुख्यतः रिफायनरीकडे राही, तोटा विहीरवाल्याला होई आणि पंपावरच्या गिऱ्हाइकापर्यंत फारसे काही पोचत नसे.

मात्र ब्रेंट आणि डब्ल्यूटीआयमधली सगळी तफावत बंदीच्या नावावर टाकू नका. डब्ल्यूटीआयचा भाव ओक्लाहोमातल्या कुशिंग या तेलसाठ्याच्या गावचा. तिथून किनाऱ्याकडे जाणाऱ्या पाइपलाइन अपुऱ्या पडल्या, तेव्हाही तो कोसळला. बंदीचा परिणाम पाहायचा तर किनाऱ्यावरचे लुइझियाना लाइट हे कच्चे तेल ब्रेंटशी ताडून पाहा आणि वाहतूकखर्च वेगळा काढा.

‘आपले तेल आपल्याच रिफायनरीत वापरा’ हा मुद्दा तपासायला तेलाची एपीआय घनता (आकडा जितका मोठा, तितके तेल हलके) काढा: 141.5 भागिले 60 फॅरनहाइटला मोजलेली सापेक्ष घनता, वजा 131.5. सापेक्ष घनता 0.825 असेल तर 40, म्हणजे हलके, 0.922 असेल तर 22, म्हणजे जड. मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावरच्या अनेक अमेरिकी रिफायनऱ्या जड, गंधकयुक्त तेलासाठी बांधलेल्या आहेत. तिथे शेल खडकातले हलके तेल जास्त घातले की ऊर्ध्वपातन मनोऱ्याच्या माथ्यावर नाफ्था (पेट्रोलसारखा हलका अंश) आणि वायूंची गर्दी होते, कंडेन्सर कमी पडतात आणि तेलाचा एकूण ओघच घटवावा लागतो. खाली महागडा कोकर (तळाचा जड गाळ तापवून त्यातून हलके इंधन काढणारे संयंत्र) अर्धपोटी राहतो.

हलके आणि जड तेल मिसळून मधला आकडा गाठता येतो, पण आकडा जुळला म्हणजे मिश्रण जमले असे नाही. पॅराफिनयुक्त हलक्या तेलात जड तेलातले अस्फाल्टीन (डांबरासारखा जड घटक) साका होऊन बसू शकते. तो थर उष्णता-विनिमयकाच्या नळ्यांवर चढतो, तेल भट्टीत थंड पोचते आणि भट्टीला जास्त इंधन जाळावे लागते. म्हणून प्रमाण ठरवण्याआधी नमुना मिसळून साका धरतो का ते तपासा, आणि त्या खर्चाची ओळ वरच्या हिशेबात घाला.